रुसक्या मशीनबरोबर इंद्रावतीपर्यंत

चांद्याहून सिरोंच्याची मोटार सकाळी सातला सुटणार होती. साडेनऊला ड्रायव्हरने बॉनेट बंद केले, हात पुसले आणि आम्ही निघालो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा तो हिवाळा होता. जंगलातल्या गावांत बायका मतदानाला आल्या तर त्यांच्याशी बोलायला बाईमाणूस हवे, म्हणून नागपूरच्या शाळांतून शिक्षिका मागवल्या होत्या. आमच्या शाळेत तो कागद फिरला तेव्हा त्यावर सही करणारी मी एकटीच निघाले. हेडमास्तरीणबाईंनी दोनदा विचारले, "सिरोंचा कुठे आहे ठाऊक आहे ना?" मी हो म्हटले. ठाऊक नव्हते.

आता चांगले ठाऊक झाले. वैनगंगा नावेतून ओलांडली की आलापल्लीचे सागवान सुरू होते आणि मग तासन् तास दुसरे काही दिसतच नाही. सरळ, उंच, पानगळीने अर्धे उघडे पडलेले खांब, आणि खाली परातीएवढ्या वाळक्या पानांचा थर. मोटार गेली की ती पाने मागे उठून धावत येत. दुसऱ्या दिवशी दुपारी झाडी एकदम संपली आणि समोर पाणी दिसले. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडचा काठ हैदराबादचा. बाजारात निम्मे बोलणे तेलुगूत चालते, आणि जेवायला पुलुसू (चिंचेच्या कोळातली माशांची आमटी) आणि भात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आले. तिसऱ्या घासानंतर मी आणखी भात मागितला.

आमचे मतदान केंद्र इंद्रावतीच्या काठी होते. गावाचे नाव सांगून उपयोग नाही, नकाशात ते मलाही सापडले नाही. सिरोंच्याहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली सोमनूरपर्यंत जायचे, तिथे इंद्रावती येऊन मिळते. मग तिच्या प्रवाहाविरुद्ध सात-आठ मैल वर. बैलगाडीची वाट नाही. नाव दुसऱ्या दिवशी सुटायची, आणि मतदान त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी आठला. आमच्याबरोबर मतपेट्या, मतपत्रिकांचे सीलबंद पुडके, शाईच्या बाटल्या आणि आडोशाला चटया. हे सगळे वेळेवर पोचले नाही तर आसपासच्या पाच-सहा पाड्यांतली माणसे जंगल तुडवून येतील आणि रिकाम्या हातांनी परत जातील. केंद्राचे प्रमुख वासेकर, तहसिलीतले कारकून, मला म्हणाले, "एकदा परत गेले ना बाई, तर मग पुन्यांदा बोलावून येत नाईत ते लोक. अन् काऊन यावं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर मी पहिल्यांदा ते मशीन पाहिले. लढाईच्या काळात कुठल्याशा पलटणीने वापरलेले, नंतर एका लाकडाच्या ठेकेदाराने लिलावात घेतलेले आणि आता निवडणुकीसाठी मागून आणलेले. नावेच्या मागच्या फळीला ते अडकवतात. वर कळशीएवढी पेट्रोलची टाकी, मधे इंजिन, खाली पाण्यात बुडणारा पंखा. टाकीपासून दांड्यापर्यंत त्याला हिरवागार ताजा रंग होता. उन्हात नुसते लखलखत होते.

"कालच दुसरा हात मारला," शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला. "सरकारी काम आहे, मशीन नवरीसारखी दिसाले पाह्यजे."

हे हमीदभाई. चांद्याचे मिस्त्री, पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, खिशात पाना आणि चाकू. चांद्यातल्या निम्म्या मोटारगाड्या त्यांच्या हातून गेलेल्या आहेत, असे वासेकरांनी सांगितले, आणि हमीदभाईंनी ते नाकारले नाही. नाव हाकायला पोचन्ना नावाचा सिरोंच्याचा ढीवर (मासेमार) होता, कमी बोलणारा, आणि बोलला तर तेलुगू-मराठीची खिचडी. पाचवा एक शिपाई. त्याला पाण्याची भीती वाटत होती आणि ती तो लपवतही नव्हता.

हमीदभाईंनी इंजिनाला दोरी गुंडाळली, एक झटका दिला, आणि घाटावरचे सगळे बगळे उडाले. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही नदीच्या मधोमध आलो. पाणी निळे होते, वाळूची बेटे पांढरी, आणि वाऱ्यावर पेट्रोलचा वास. मला वाटले, अशीच जात राहावी.

पाव तासात मशीन बंद पडले.

नुसते थांबले नाही. आधी आवाज पातळ झाला, मग दोन-तीन ठसके आणि मग शांतता. हमीदभाईंनी टाकीचे झाकण फिरवून आत पाहिले. टाकी भरलेली होती. त्यांनी ठिणगी पाडणारा प्लग काढला. तो तेलाने काळा झाला होता. चाकूने खरवडला, पुसला, परत बसवला, दोरी ओढली. मशीन सुरू. "प्लग होता," ते म्हणाले. "आता पाहा."

आम्ही पाहिले. पुन्हा पाव तास, पुन्हा तोच पातळ आवाज, पुन्हा शांतता.

या वेळी त्यांनी टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल पांढऱ्या चिनी मातीच्या कपात घेतले आणि कप उन्हात तिरका धरला. तळाशी पाण्याचे बारीक मणी इकडून तिकडे पळत होते. "हे पाहा बाई! पेट्रोलात पाणी. पिंपातूनच आलं असंन." मग नाव एका वाळूच्या बेटाला लावली आणि सगळे पेट्रोल गाळायला काढले. गाळणे म्हणजे सांबराच्या मऊ कातड्याचा तुकडा. कातडे आधी पेट्रोलात भिजवायचे. मग त्यातून पेट्रोल झिरपते आणि पाणी वरच राहते. मला हे माहीत नव्हते. मी कातड्याची दोन टोके धरली, त्यांनी दोन, आणि पोचन्ना वरून धार सोडत राहिला. तास गेला. कातड्यावर चमचाभर पाणी जमले. हमीदभाईंनी ते विजयाने सगळ्यांना दाखवले. शिपायाने तर त्याला नमस्कार केला.

मशीन पहिल्याच झटक्याला सुरू झाले, आणि पाव तासाने बंद पडले.

वासेकर पेटीवर बसून घड्याळ पाहत होते. त्यांनी घड्याळ खिशात ठेवले आणि लगेच पुन्हा बाहेर काढले. प्रवाह संथ होता, नुसते वाहत जाऊन सोमनूरही आज गाठता आले नसते. आणि इंद्रावतीत तर मशीनवाचून वर जाताच येत नाही. तिथे खडक आहेत आणि पाण्याला ओढ आहे.

तिसऱ्या वेळी हमीदभाईंनी नाव काठाला लावून कार्बोरेटर खोलला. हवा आणि पेट्रोल जिथे मिसळते तो हा पितळेचा भाग. आत एक लहानसा तरंगता डबा आणि सुईच्या टोकाएवढे भोक. भोवती गुळाच्या पाकासारखा तपकिरी चिकटा साचला होता. मी केसातली पिन काढून पुढे केली.

"पिन नको बाई. भोक मोठं होऊन जाईन, मग मशीन जन्मभर पेट्रोल पीत बसंन." त्यांनी पोचन्नाला काहीतरी सांगितले. पोचन्ना काठावर चरणाऱ्या बैलांकडे गेला आणि शेपटीचा एक राठ केस घेऊन आला. त्या केसाने हमीदभाईंनी भोक इतक्या हळुवार साफ केले की मला त्यांचा राग येऊ शकला नाही, खरे तर तोवर तो थोडा थोडा यायला लागला होता.

पुन्हा सुरू. पुन्हा बंद. ऊन डोक्यावर आले. मशीन थांबल्यावर नदी इतकी मोठी वाटे, आणि आम्ही इतके लहान.

पोचन्नाने बांबूने नाव पुन्हा काठाला लावली. वासेकर उठले. "मी गावात जातो," ते म्हणाले. काठापासून मैलभर आत एक गाव होते. "माणसं मिळाली तर पेट्या डोक्यावर घेऊन निघू. रात्रभर चाललो तरी उद्या, म्हणजे मतदानाच्या आदल्या दिवशी तरी पोचू की नाई कोण जाणे." शिपाई लगबगीने त्यांच्याबरोबर निघाला. जमीन मिळाली याचाच त्याला आनंद होता. नावेत आम्ही तिघे उरलो.

पोचन्नाने शिदोरी सोडली. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, सुकलेली मासळी. हमीदभाई जेवेनात. मशीनकडे पाठ करून बसले. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले, "तीस वर्षं झाली मले या धंद्यात. माह्या हातची गाडी रस्त्यात उभी राह्यली असं कोनी म्हनत नाई."

"आधी खाऊन घ्या," मी म्हटले. "मशीन कुठे पळून जात नाही."

"तेच तर रडणं आहे, बाई," ते म्हणाले, आणि आम्ही तिघेही हसलो. मग त्यांनी अर्धी भाकर खाल्ली.

जेवण झाल्यावर ते पुन्हा कामाला लागले. या मशीनच्या पेट्रोलात थोडे तेल मिसळावे लागते. जुना डबा संपला होता म्हणून त्यांनी नवा काढला, चाकूच्या टोकाने वरच्या पत्र्याला भोक पाडले आणि डबा मापात उपडा केला. तेल येईना. गुडूक करून एक गोळा पडे, थांबे, डबा आत हवा ओढून घेई, मग पुन्हा गुडूक. माझ्याने राहवेना.

"हमीदभाई, समोरच्या कोपऱ्यात आणखी एक भोक पाडा ना. आम्ही गोडेतेलाच्या डब्याला तसेच करतो. हवा आत जायला वाट नको का?"

"हो जी," म्हणून त्यांनी दुसरे भोक पाडले. तेलाची धार एकसारखी, दोऱ्यासारखी पडू लागली.

मी ती धार पाहत होते. का कोण जाणे, मला दिवसभर ऐकलेला एक आवाज आठवला. मशीन बंद पडले की हमीदभाई सगळ्यात आधी टाकीचे झाकण उघडून आत पाहत. आणि प्रत्येक वेळी झाकण सैल होताना 'स्सू' असा बारीक आवाज येई, कुणी दातांतून श्वास ओढावा तसा. मग ते प्लग पुसत, पेट्रोल गाळत, केस घालत, काहीही करत, आणि मशीन सुरू होई.

"हमीदभाई," मी विचारले, "या टाकीला दुसरे भोक कुठे आहे?"

ते हसले. "टाकीले दुसरं भोक असते का बाई? पेट्रोल वाहून..." आणि तिथेच थांबले. हातातला डबा त्यांनी खाली ठेवला. टाकीचे झाकण काढून उन्हात धरले, आतून पाहिले, बाहेरून पाहिले. झाकणाच्या मध्यावर मोहरीएवढा खळगा होता आणि तो हिरव्या रंगाने काठोकाठ भरलेला होता.

"या अल्ला," ते इतकेच म्हणाले.

हवा आत जाण्याचे भोक त्यांच्याच रंगाच्या दुसऱ्या हाताने बुजले होते. थोडे पेट्रोल खाली उतरले की टाकीत पोकळी होई आणि उरलेले खाली येईना. झाकण उघडले की हवा आत जाई आणि पाव तासाची बेगमी होई. प्लगचा दोष नव्हता. चमचाभर पाणी खरे होते, चिकटाही खरा होता, पण मशीन थांबवत होते ते हे भोक. पोचन्ना काठावरच्या बाभळीचा एक लांब काटा घेऊन आला. हमीदभाईंनी तो खळग्यात फिरवला, रंगाची टिकली बाहेर पडली, आणि झाकणातून आकाशाचा एक ठिपका दिसला.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. आनंद होता, पण त्याच्यावर लाज पसरली होती. वासेकर दुरून येताना दिसत होते.

"मी काही बोलणार नाही," मी हळूच म्हटले.

त्यांनी मान हलवली, आणि दोरी गुंडाळू लागले.

वासेकर धापा टाकत आले. माणसे मिळणार होती, पण उद्या सकाळी. आज गावात एका घरी लग्न होते. "मग काय करायचं?" असे ते म्हणत असतानाच मशीन गरजले. "बसा भाऊ," हमीदभाई ओरडले, "अन् घड्याळ बाहेर ठेवा!"

पाव तास झाला. वीस मिनिटे झाली. मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली होती. अर्धा तास झाला तेव्हा वासेकरांनी घड्याळ खिशात टाकले आणि डोक्यावरची टोपी काढून हवेत हलवली, कुणासाठी कोण जाणे. काठावर फक्त एक म्हैस होती. हमीदभाई एक हात मशीनच्या दांड्यावर आणि दुसरा टाकीवर ठेवून बसले होते, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

उन्हे कलली तेव्हा सोमनूर आले. गोदावरीचे पाणी फिकट, इंद्रावतीचे गडद हिरवे. बऱ्याच अंतरापर्यंत दोन्ही शेजारी-शेजारी वाहतात आणि मिसळत नाहीत. आम्ही हिरव्या पाण्यात शिरलो. पोचन्ना बांबू घेऊन पुढे उभा राहिला. दिवसभर मुका असलेला हा माणूस आता ओरडू लागला. "कुडी! कुडी!" (उजवीकडे) "एडमा!" (डावीकडे). एका ठिकाणी दोन काळ्या खडकांमधून पाणी फेसाळत येत होते. नाव तिथे अडली. मशीन पूर्ण जोराने चालत होते, पाणी दोन्ही बाजूंनी उसळत होते आणि काठावरचे एक झाड जिथल्या तिथे उभे होते. शिपायाने डोळे मिटले. मी त्या झाडावरची नजर काढली नाही. मग झाड एक हात मागे गेले. मग दोन हात. पोचन्नाने खडकाला बांबू टेकून सारे अंग त्यावर टाकले, हमीदभाई मशीनला "चल माय, चल!" म्हणाले, आणि आम्ही वरच्या संथ पाण्यात आलो. वासेकरांनी सगळ्यांच्या देखत पोचन्नाला मिठी मारली. दोघेही भिजलेले होते.

सूर्य अजून झाडांच्या शेंड्यांवर होता तेव्हा गाव दिसले. आमच्या आवाजाने सारा गाव काठावर आला होता. "जोहार," गावचा गायता (पुजारी) म्हणाला, आणि पाहुण्यांसाठी आधी आंबील आली. पळसाच्या पानाच्या द्रोणात, गार आणि आंबट. इतके चवदार काही मी आयुष्यात प्याले नव्हते, असे मला त्या क्षणी वाटले, आणि आजही तसेच वाटते.

हाती एक पूर्ण दिवस शिल्लक होता. गोटुलात (गावातल्या तरुणांनी जमायचे मोठे छप्पर) चटयांचा आडोसा केला, त्याच्या आत प्रत्येक उमेदवाराच्या चिन्हाची वेगळी पेटी ओळीने मांडली. वासेकरांना गोंडी उत्तम येते; ते घरोघर फिरून समजावून आले. आणि मतदानाच्या सकाळी, धुके निवळायच्या आत, झाडीतून माणसे येऊ लागली. बायका वेगळ्या रांगेने, एकमेकींचे हात धरून, केसांत लाकडी फण्या. माझे काम त्यांच्या बोटाला शाई लावण्याचे. पहिली बाई शाईला घाबरली, म्हणून मी आधी माझ्याच बोटाला लावून दाखवली. मग सगळ्या हसल्या आणि रांग सरकली.

जुरी नावाची एक म्हातारी चटईमागे गेली ती येईचना. मला आत जाण्याची परवानगी नाही. रांग खोळंबली. मी वासेकरांना खूण केली, त्यांनी बाहेरून गोंडीत विचारले. आतून संथपणे उत्तर आले. वासेकर हसू दाबत म्हणाले, "म्हणते, घाई करू नका. बैल घेताना मी सारा बाजार पाहते, अन् हे तर राज्य आहे."

ती बाहेर आली ती ताठ मानेने. शाईचे बोट तिने बाकीच्या बायकांना दाखवले, आणि सावलीत जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत ती तिथून हलली नाही. कोण कोण आत जाते ते पाहत राहिली.

परतीचा प्रवास गोदावरीच्या प्रवाहाविरुद्ध होता, म्हणून एक मुक्काम जास्त झाला. पण मशीन एकदाही थांबले नाही. सिरोंच्याच्या घाटावर तहसीलदार स्वतः उभे होते, भोवती गर्दी. पेट्या उतरल्या, सीले तपासली गेली. तहसीलदार हमीदभाईंना म्हणाले, "शाबास! मशीननं काही त्रास तर नाही ना दिला?"

"छे," मी चटकन म्हणाले, "अगदी..."

"दिला साहेब," हमीदभाई मोठ्याने म्हणाले. सगळा घाट ऐकू लागला. "अर्धा दिवस खाल्ला. मशीनचा दोष नाई. म्या रंग मारला, म्याच हवेचं भोक बंद केलं. प्लग, पेट्रोल, कार्बोरेटर, सारं पाह्यलं, आपला हात नाई पाह्यला. हे बाईनं शोधलं."

गर्दीत कुणीतरी हसले. हमीदभाईंनी तिकडे पाहिलेही नाही. त्यांनी दोरी मशीनला गुंडाळली आणि तिची लाकडी मूठ माझ्यापुढे धरली. "या बाई. चालू करा."

पदर खोचून मी नावेत उतरले. पहिल्या झटक्याला मशीन नुसते खोकले. दुसऱ्याला माझाच तोल गेला आणि पोचन्नाने मला सावरले. "हाताचा जोर नका लावू," हमीदभाई म्हणाले, "कमरेतून ओढा." मी पाय फळीला रोवले आणि कमरेतून ओढले. मशीन गरजले. घाटावर धुणे धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या, आणि त्यांतली एक तेलुगूत काहीतरी ओरडली. ते काय होते ते मी कुणाला विचारले नाही. तिचा चेहरा पुरेसा होता.

परतताना आलापल्लीच्या जंगलात मोटार दोनदा बंद पडली. उतारू खाली उतरून कंटाळले, ड्रायव्हर बॉनेटमध्ये शिरला. मी रस्त्याकडेला पानांवर बसून शांतपणे शिदोरीतली भाकर खाल्ली. यंत्र थांबले की आपण अडलो, अशी माझी आजवरची समजूत होती. आता मला बिघाड म्हणजे नीट विचारलेला प्रश्न वाटतो, आणि त्याचे उत्तर कुणालाही सापडू शकते, हे मी गोदावरीवर पाहिले आहे. नागपूरला पोचल्यावर हेडमास्तरीणबाईंनी विचारले, "काय, कसे आहे सिरोंचा?" मी त्यांना फळ्यावर नकाशा काढून दाखवला: दोन नद्या, मग तिसरी, आणि तिच्या काठी एक ठिपका. मुलींनी तो वहीत उतरवून घेतला.